उशाची फळी

१

लाकूड आणायला मी सकाळीच जातो. सकाळी दुकानात गर्दी नसते आणि उजेड तिरका येतो. तिरक्या उजेडात फळीला आपला वाकडेपणा लपवता येत नाही. एक टोक जमिनीला टेकवायचं, दुसरं डोळ्यापाशी आणायचं, एक डोळा मिटायचा आणि कडेवरून नजर टाकायची. बंदूक धरल्यासारखं दिसतं ते. दुकानातला माणूस मला त्यावरून चिडवतो. "काका, आज किती पडले?" म्हणतो.

दुकान म्हणजे पत्र्याखाली लोखंडी मांडण्या आणि त्यावर पाइनच्या फळ्या. सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या, यंत्रातून निघालेल्या. लोक त्याची चपलांची कपाटं करतात, माळे करतात. मला पलंग करायचा होता, हिच्यासाठी. ही म्हणजे माझी बायको. लांबलेल्या आजारपणात तिच्या पायांतलं बळ गेलं होतं. गादी जमिनीवर होती, आणि तिथून तिला उठवताना आम्ही दोघंही मेटाकुटीला येत होतो.

पलंगाच्या चार खुरांचं, म्हणजे पायांचं, लाकूड काढलं, बाजूच्या पट्ट्या काढल्या. मग उशाच्या फळीसाठी एक रुंद फळी हवी म्हणून ढीग उपसत होतो, तर खालून एक जड फळी हाताला लागली.

पाइनमध्ये असतं काय? सरळ रेघा, मधे एखादी गाठ. या फळीवर मात्र वारा सुटलेल्या तळ्यासारखी नक्षी होती. रेघा वळून वळून आत जात होत्या आणि फळी जराशी कलती केली की नक्षी हलत होती. असं लाकूड मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलंय, आणि तेही जुन्या, मोठ्या झाडाच्या बुंध्यात. मी नाकाशी धरून पाहिली. पाइनला राळेचा वास असतो, कितीही जुनं असलं तरी. हिला कसलाच वास नव्हता.

"ही तुमच्याकडे कुठून आली?" मी विचारलं.

दुकानातल्या माणसाने फळी उलटसुलट केली. "आमच्याकडे असला माल येत नाही, काका. तुम्हीच घरून आणली नाही ना?"

"मी घरून आणून इथे विकत घेऊ?"

"या वयात माणूस काहीही करतो," असं म्हणून हसत हसत त्याने ती बाकीच्यांबरोबर बांधून दिली.

२

आमच्या दोन खोल्या. मागे स्वयंपाकघर, पुढे ही खोली. ही आजारी पडल्यापासून मी माझा कामाचा बाक मागच्या पडवीतून पुढच्या खोलीत आणून खिडकीजवळ मांडला होता. भुसा उडतो, पण तिला एकटं वाटत नाही. ती पडून पडून बघते आणि चुका काढते.

"आणलंत का जंगल?" मी आत आलो तशी ती म्हणाली.

"आणलं."

"आणि मला कुठे ठेवणार? लाकडाखाली?"

"आधी गुडघा दे," मी म्हटलं.

पलंगाची उंची मी तिच्या गुडघ्यावरून घेतली. पलंग झोपायला करायचा तर उंची कशीही चालते. उठायला करायचा तर पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. शिवाय बाजूला एक दांडी लावायची, धरून उठण्यासाठी. ही दांडीची कल्पना मला दुकानातून येताना वाटेत सुचली होती. मी कुणाला बोललो नव्हतो. कागदावरही काढली नव्हती.

३

दुपारी उशाच्या फळीवर पहिला रंधा मारला. वरचा कळकट थर निघाला तशी नक्षी उघडली. मी हात थांबवून बघत राहिलो.

डाव्या अंगाला एक चौकोन होता.

लाकडात सगळं सापडतं. डोळे, घुबडं, डोंगर, नाकं. पोरं असताना आम्ही फळ्यांत चेहरे शोधायचो. पण लाकडात जे सापडतं ते सगळं गोलाईत असतं. झाड वाढतं तेच मुळी गोल गोल. त्याला काटकोन येत नाही.

मी गुण्या घेतला. गुण्या म्हणजे काटकोन तपासायची आमची लोखंडी पट्टी. चौकोनाच्या कोपऱ्याला लावला. बरोबर बसला. दुसऱ्या कोपऱ्याला लावला. तिथेही बसला.

"काय मोजताय एवढं?" हिने विचारलं.

"काही नाही. फळी सरळ आहे का बघतोय."

"आहे?"

"हो," मी म्हटलं. "जरा जास्तच."

४

मी स्वतःला समजावलं. फळीला कुठे दाब बसला असेल, पट्ट्या आवळल्या असतील, त्याचे वळ उठले असतील. वळ असते तर एका थराने गेले असते. म्हणून मी दुसरा थर काढला.

रंधा मारला की नक्षी बदलते, हे कुठलाही सुतार सांगेल. वळसा खाली रुंद होतो, नाहीतर मिटत जातो. चौकोन बदलला, पण तो मिटला नाही. त्यात उभ्या रेघा आल्या. तीन. मधली रेघ अर्ध्यात बाहेर वाकलेली.

मी मान वर केली. माझ्यासमोर खिडकी होती. तिला तीन गज आहेत आणि मधला गज वाकलेला आहे. आम्ही राहायला आलो तेव्हापासून वाकलेला. कुणी वाकवला, ठाऊक नाही.

मग मी फळीवरचं बाकीचं बघितलं. खिडकीपासून थोड्या अंतरावर एक आडवी, बुटकी आकृती होती. चार आखूड पाय. एका बाजूला वर आलेली दांडी. आणि आडव्या भागावर, पांघरुणाखाली माणूस असावा तसा, एक लांबट उंचवटा.

खोलीत तसा पलंग अजून नव्हता. त्याचे खुर माझ्या पायाशी सुट्टे पडले होते आणि दांडी फक्त माझ्या डोक्यात होती.

मी फळी भिंतीकडे तोंड करून उभी ठेवली आणि खुरांच्या कामाला लागलो. करवत हळू चालवली. करवतीचा आवाज बरा वाटतो अशा वेळी. तो दुसरं काही ऐकू देत नाही.

५

लेक आली. ती डॉक्टरांना भेटून आली होती. आईशी हसून बोलली, तिचे केस विंचरले, उशी झटकली, आणि मग मला डोळ्याने स्वयंपाकघरात बोलावलं.

"बाबा, डॉक्टर म्हणाले, आता त्या उठतील अशी आशा ठेवू नका. त्रास होऊ देऊ नका, एवढंच."

"बरं."

"बरं काय बरं? तुम्ही ऐकलंत का? आई आता…"

"ऐकलं. डॉक्टर भला माणूस आहे. त्याला दिसतं ते त्याने सांगितलं."

"मग हा एवढा खटाटोप कशाला? दुकानात तयार पलंग मिळतो."

"तयार पलंग झोपायला असतो," मी म्हटलं. "हा उठायला करतोय."

तिने पदराने डोळे पुसले आणि जाता जाता पुढच्या खोलीत थांबली. ती फळी तिने कधी वळवली, मला कळलं नाही. कलती धरून बघत होती.

"किती सुंदर आहे हो, बाबा. ढगच ढग."

"ढग दिसतात तुला?"

"नाहीतर काय? तुम्हाला काय दिसतं?"

"ढगच," मी म्हटलं.

ती गेली. डॉक्टरचं एक वेळ ठीक. तो तपासून बोलला. पण फळीने मला सांगावं? मी जन्मभर लाकडाला सांगत आलोय, तू दार हो, तू पेटी हो, तू पाळणा हो. आता लाकूड मला सांगणार? त्या दिवशी मी खुरांचे सांधे इतके घट्ट बसवले की ठोकताना शेजारीण बघायला आली.

६

पलंग उभा राहिला. उशाची फळी तेवढी राहिली होती, तरी मी हिला पलंगावर घेतलं. तिने दांडी धरून पाहिली, हलवून पाहिली.

"मजबूत आहे. माझ्यापेक्षा जास्त टिकेल."

"गप गं."

"टिकायलाच हवा. तुम्ही केलाय ना. उशाला फळी कधी लावताय? डोकं भिंतीला घासतंय माझं."

दुपारी तिचा डोळा लागला तसा मी फळीला एक थर काढला. उगाच घाबरून बसायचं नाही, असं ठरवूनच काढला. छिलका नीट निघाला, लांबच लांब, गुंडाळी होत. खाली पलंग होता. त्यावरचा उंचवटा आता आधीपेक्षा बसका होता. आणि पलंगाला लागून एक स्टूल, आणि स्टुलावर कुणीतरी बसलेलं. उंचवट्याकडे वाकून.

माझा जीव भांड्यात पडला, खरं सांगतो. म्हटलं, हा मी. तिच्या उशाशी दुसरं कोण बसणार? औषधाचं स्टूल तिथेच असतं. बाटल्या खिडकीत ठेवून मीच त्यावर बसतो. फळीत मीही आहे म्हटल्यावर ती एवढी परकी वाटेना.

रंधा पुसायला तेलाची चिंधी हवी म्हणून मी मागे गेलो. स्वयंपाकघरात मला स्टूल करकरल्याचं ऐकू आलं. आमचं स्टूल कुणी बसलं की करकरतं, मोकळं कधी करकरत नाही. मी चिंधी हातात घेऊन तसाच उभा राहिलो. लाकूड उन्हाने ताणतं, आवाज करतं. मला ते माहीत नाही असं नाही. पण हा आवाज ताणण्याचा नव्हता. बसलेला माणूस पुढे झुकतो तेव्हाचा होता.

बाहेर आलो. स्टूल रिकामं. ही जागी झाली होती.

"इतका वेळ बसलात आणि एक शब्द बोलला नाहीत," ती म्हणाली. "नुसतं वाकून काय बघत होतात?"

"झोप लागली का बघत होतो," मी म्हटलं.

७

त्यानंतर मी फळी पुन्हा भिंतीकडे वळवून ठेवली. उशाला दुसरी लावू, असं ठरवलं. पण ही मला जन्मभर ओळखते.

"ती फळी इकडे आणा."

"तिला भेग आहे."

"खोटं बोलताना तुम्ही नाक पुसता."

मी नाकावरचा हात खाली घेतला.

"आणा म्हणते ना. एवढे दिवस तुम्ही तिच्याकडे पाठ करून काम करताय. माणसावर रुसल्यासारखे."

मी फळी तिच्यापुढे आडवी धरली. म्हटलं, दिसले तर ढग दिसतील. ती बराच वेळ बघत राहिली. मग खिडकीवरून बोट फिरवलं, पलंगावरून, दांडीवरून. त्या उंचवट्यावर बोट थांबलं.

"ही मी."

"छे गं. नक्षी आहे."

"नक्षीला दांडी असते का?" ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण घाबरलेला नव्हता. "आधी काय होतं?"

मी सांगितलं. थर, उंचवटा, मग बसकं होत गेलेलं सगळं. लेक काय म्हणाली, मी काय म्हणालो, तेही सांगितलं. इतके दिवस मी ते पोटात ठेवलं होतं. एकदा तोंड उघडल्यावर मागे काही उरलं नाही.

"डॉक्टर असं म्हणाले?"

"हो."

"आणि ही फळीही तेच म्हणते, असं तुम्हाला वाटतं."

मी फळी खाली घेतली.

"मग लावा रंधा," ती म्हणाली.

"नको. राहू दे. उद्या जाळून टाकतो."

"जाळून काय होणार? तुम्ही बघितलं नाही म्हणून ते व्हायचं थांबणार आहे का? माझ्या जिवावर उठलंय ते मला बघू द्या. लावा."

मी फळी बाकावर घट्ट आवळली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. एकच थर काढायचा ठरवला. रंध्याचं पातं बारीक केलं आणि एका दमात, न थांबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. छिलका खाली पडला. मी बघितलं आणि दोन्ही हात फळीवर ठेवले.

"हात काढा."

"अगं…"

"काढा म्हणते."

मी फळी सोडवून तिच्यापुढे धरली. पलंग होता. दांडी होती. वर उंचवटा नव्हता. पांघरूण बाजूला सरलेलं, गादी सपाट.

मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो.

"पलंग रिकामा आहे," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे मी उठले."

मी मान वर केली.

"असं काय बघताय? रिकामा पलंग म्हणजे मेलेलंच माणूस का? उठलेलं का नाही? तुम्ही हा उठायला केलात ना? का लेकीला नुसतं बरं वाटावं म्हणून बोललात?"

ती फळीकडे बोट करून म्हणाली, "तुम्ही मात्र शोभता हं. मी उठले आणि तुम्ही आपले स्टुलावर बसून. हात तरी द्यायचात."

तेव्हा मी नीट बघितलं. स्टुलावरचा होताच. मघासारखा वाकलेला. आता पलंगावर वाकून बघायला काही नव्हतं, तरी वाकलेला. आणि खिडकीपाशी, गजांच्या रेघांना लागून, दुसऱ्या दोन आकृत्या होत्या. उभ्या, एकमेकींना धरून. त्यातल्या एकीचा उजवा खांदा खाली पडलेला होता. रंधा ओढून ओढून माझा उजवा खांदा तसाच झालाय.

स्टुलावरचा तो मी नव्हतो; फळीत मी आधीपासून नव्हतोच. मी आता आलो होतो.

मी फळी बाजूला ठेवली आणि तिला काही सांगितलं नाही.

"धरा मला," ती म्हणाली.

८

तिने दोन्ही पाय खाली सोडले. जमिनीला सपाट टेकले. माप बरोबर होतं. दांडीवर हाताची बोटं पांढरी पडली. मी काखेत हात घातला आणि आम्ही दोघं एकदम वर आलो. ती थरथरत होती, मीही थरथरत होतो. एक पाऊल. मग तिने शिवी घातली, पायाला. मग आणखी एक.

खिडकीपर्यंत यायला आम्हाला फार वेळ लागला. तिने वाकलेला गज धरला आणि बाहेर रस्त्यावर बघितलं.

"समोरच्यांनी दाराला रंग दिला," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

"मला वाटलं, तुला आवडणार नाही."

"आवडलाच नाही. पण सांगायचं ना."

तिला धाप लागली होती. गजावरचा हात सुटायला लागला. "मला बसू द्या आता," ती म्हणाली. "पलंगावर नको. पलंगावर गेले तर पुन्हा आडवी होईन. ते स्टूल द्या."

स्टूल पलंगाजवळ होतं. दिवसाउजेडी, खोलीच्या मधोमध, रिकामं. त्यावर धूळ नव्हती, भुसाही नव्हता. इतके दिवस मी याच खोलीत करवत आणि रंधा चालवत होतो. भुसा पलंगाच्या पांघरुणावर होता, जमिनीवर होता, औषधाच्या बाटल्यांवर होता. स्टुलाच्या बैठकीवर तेवढा नव्हता.

मी एका हाताने हिला धरलं होतं. ती माझ्या अंगावर कलत होती. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. पण या घरात मी वाकून वागलोय ते माणसांशी, आणि तेही मोठ्या माणसांशी. कोण कुठला, बोलावल्याशिवाय येऊन बसलेला, त्याच्यापुढे मी कशाला वाकू?

"ऊठ," मी म्हटलं. "तिला बसायचंय."

"कुणाला म्हणताय?" ही म्हणाली.

मी स्टुलाकडे बघत राहिलो. "ऐकू आलं नाही का? ऊठ म्हटलं ना. जागा तिची आहे."

काही वेळ काहीच झालं नाही. मग स्टूल करकरलं. कुणी बसताना करकरतं तसं नाही. भार उचलला गेला की सांधा सैल होतो, तेव्हा येतो तसला आवाज, एकदाच. खिडकीतलं ऊन जमिनीवर पडलं होतं, त्यावरून काहीतरी उंच आडवं गेलं, एवढंच मला दिसलं. कुठे गेलं ते मी बघायला वळलो नाही. वळलो असतो तर हिला सोडावं लागलं असतं.

पायाने स्टूल ओढलं आणि तिला हळूच बसवलं.

ती बसली आणि दचकली. "अहो, हे गरम कसं?"

"उन्हात होतं."

"ऊन पलंगापर्यंत येत नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही नाक पुसताय."

मी हात खाली घेतला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिने खाली वाकून स्टूल दोन्ही हातांनी धरलं आणि आणखी नीट, पाठ सरळ करून बसली, जशी आपली जागा धरून बसतात तशी.

"असू दे गरम," ती म्हणाली. "लावा. पुढचा थर काढा. आता काय म्हणते बघू."

मी फळी पुन्हा बाकाला आवळली. अंगठ्याने जाडी चाचपली. अजून बरंच लाकूड शिल्लक होतं.